सनद खरी, परवानगी कुठाय?

मागच्या महिन्यात आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचे अब्बा शाळेत आले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत तीन वर्षांचे मार्कमेमो आणि बी.ए.ची सनद. म्हणाले, “सर, ये डिग्री चलती क्या नै, इत्ता बोलो.” मुलीचं बारावीनंतर लग्न झालं, कंधारहून नांदेडला रोज एस.टी.ने जाणं जमणार नव्हतं, म्हणून एका ‘सेंटर’वाल्याकडे तिचा फॉर्म भरला. फी त्याच्याच हातात दिली, रोख. पुस्तकं त्यानेच आणून दिली, पेपरही एका हॉलमध्ये त्यानेच घेतले. विद्यापीठ परराज्यातलं, खासगी. पुढे नोकरीसाठी अर्ज केला आणि कागदपत्रं तपासताना साहेबांनी सनद बाजूला काढली.

आम्ही ती सनद दोनदा पाहिली. शिक्का, होलोग्राम, कुलगुरूंची सही, सगळं जागेवर. विद्यापीठही खोटं नाही. तिथल्या विधानसभेने कायदा करून ते स्थापन केलेलं आहे. तरी सनद चालत नाही. आपल्या घरांत अजून एकच प्रश्न विचारला जातो: युनिव्हर्सिटी असली की नकली? दूरशिक्षणात तेवढ्याने भागत नाही, हे त्या बापाला सांगताना आमची जीभ जड झाली.

नकलीचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. पदवी कोणी द्यायची ते १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम २२ मध्ये लिहिलेलं आहे: केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. बाकी कोणी नाही. आयोग, म्हणजे यूजीसी, बोगस विद्यापीठांची यादी काढतं. त्यात महाराष्ट्रातलं एक नाव वर्षानुवर्षं दिसत आलं आहे: नागपूरचं राजा अरेबिक विद्यापीठ. नावात अरेबिक दिसलं की आपली माणसं लवकर भरवसा ठेवतात, म्हणून मुद्दाम लिहितो आहोत. उत्तर प्रदेशच्या मदरसा बोर्डाचंही तसंच झालं. ५ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने तिथला मदरसा कायदा कायम ठेवला, पण ‘कामिल’ आणि ‘फाजिल’ या पदव्या देण्याचा भाग रद्द केला, कारण उच्च शिक्षणाची पदवी हा यूजीसी कायद्याचा विषय. तालीम कितीही चांगली असो, पदवीचा अधिकार वेगळा असतो.

आता खऱ्या विद्यापीठाच्या न चालणाऱ्या सनदेकडे येऊ. दूरशिक्षणाला यूजीसीची परवानगी विद्यापीठाला एकदा मिळाली की कायमची, असं नसतं. ती त्या त्या अभ्यासक्रमाला आणि त्या त्या सत्राला असते. एकाच विद्यापीठाच्या बी.ए.ला ती असेल आणि एम.एस्सी.ला नसेल. २०१९ ला असेल, २०२१ ला नसेल. शिवाय हद्द आहे. राज्याचं विद्यापीठ, सरकारी असो की खासगी, आपल्या राज्याबाहेर दूरशिक्षणाचं केंद्र उघडू शकत नाही. ४ सप्टेंबर २०२० च्या यूजीसी नियमांत फ्रँचायझीलाही बंदी आहे. म्हणजे प्रवेश, शिकवणी, परीक्षा दुसऱ्या कोणाला चालवायला देता येत नाही. आमच्या विद्यार्थिनीच्या बाबतीत हद्दही मोडली होती आणि फ्रँचायझीचा नियमही.

इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी, नर्सिंग, कायदा हे तर दूरशिक्षणात मुळीच नाही. पीएच.डी. सुद्धा नाही. तरीही ‘घरबसल्या बी.टेक.’ विकलं गेलं. ३ नोव्हेंबर २०१७ ला सुप्रीम कोर्टाने चार अभिमत विद्यापीठांच्या दूरशिक्षणातल्या इंजिनिअरिंग पदव्यांचा निकाल दिला. २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि त्यांना एआयसीटीईची परीक्षा देऊन त्या वाचवायची संधी मिळाली. त्यानंतरच्या पदव्या सरळ रद्द. फी परत करायचा हुकूम झाला, मागाहून परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांची सीबीआय चौकशीही लागली. पण फी परत मिळाली तरी गेलेली वर्षं आणि त्या पदवीवर मिळालेली बढती कोण परत देणार?

आणि सगळं खासगीवाल्यांच्या माथी मारूनही चालणार नाही. शाळांतल्या अप्रशिक्षित शिक्षकांसाठी २०१७ मध्ये एनआयओएसमार्फत डी.एल.एड.चा कोर्स आला. दूरशिक्षणातून, अठरा महिन्यांचा. खुद्द केंद्र सरकारची योजना. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, हा दोन वर्षांच्या डी.एल.एड.च्या बरोबरीचा नाही. वर्षभराने, म्हणजे डिसेंबर २०२४ मध्ये, १० ऑगस्ट २०१७ ला नोकरीत असलेल्या शिक्षकांपुरता दिलासा मिळाला. मधल्या वर्षात त्या लोकांच्या डोक्यावर टांगती तलवार होती. सरकारवर विश्वास ठेवून फॉर्म भरणाऱ्याचं हे, तर सेंटरवाल्यावर ठेवणाऱ्याचं काय?

आमची तक्रार नियम कडक आहेत ही नाही. कडकच हवेत. तक्रार ही, की नियम मोडला विकणाऱ्याने आणि हिशेब होतो घेणाऱ्याचा, तोही चार-पाच वर्षांनी, नोकरीच्या दारात. दिल्लीत नोटीस निघते, तालुक्यातल्या सेंटरची पाटी तशीच लटकत राहते. ती उतरवायला कोणी येत नाही.

यावरून कोणी ‘दूरशिक्षण नकोच’ म्हणू नये. आपल्या मुलींसाठी, दुकानावर बसणाऱ्या पोरांसाठी हाच एक दरवाजा उघडा आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, त्याचं विभागीय केंद्र नांदेडला आहे. इग्नू १९८५ चं. उर्दूतून शिकायचं असेल तर हैदराबादची मौलाना आझाद उर्दू युनिव्हर्सिटी, १९९८ ची, केंद्राची. परवानगी असलेल्या दूरशिक्षणाची पदवी कॉलेजात बसून घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची, असं यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा बजावलं आहे. कोणी ‘बाहेरून केलंय’ म्हणून नाक मुरडलं तर ती नोटीस दाखवावी.

एक खाचखळगा मात्र आहे. दहावी-बारावी न होता मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट बी.ए. झालेल्यांना वकिलीला प्रवेश मिळत नाही. बार कौन्सिलचा २००८ चा नियम आहे. घरात कोणाला वकील व्हायचं असेल तर बारावी आधी करून घ्यावी.

फॉर्म भरण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोच्या पोर्टलवर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि सत्र, तिन्ही शोधा. २०२४ पासून प्रवेशाआधी विद्यार्थ्याने स्वतःचा डीईबी आयडी काढणं सक्तीचं झालं आहे. ‘आयडी-बिडीची गरज नाही, मी बघतो’ असं कोणी म्हणाला की तिथूनच उठावं. आणि फी रोख द्यायची नाही, विद्यापीठाच्या खात्यातच भरायची. पोर्टल इंग्रजीत आहे, मोबाईलवर नीट उघडत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे; शाळेत या, आम्ही बसून पाहून देऊ.

त्या मुलीसाठी पोर्टल आम्ही तिथेच उघडलं. अब्बा खुर्चीत बसून पाहत होते. जुन्या विद्यापीठाचं नाव टाकलं, बी.ए.समोर तिच्या वर्षाची परवानगी नव्हती. मग नवीन फॉर्म काढला. बी.ए., प्रथम वर्ष. ती आता सव्वीस वर्षांची आहे.