कुडाचे घर आणि डागडुजीचा हक्क

१/ डहाणू तालुक्यातील सायवनसारख्या गावात घराचा गारवा टिकवण्यासाठी बाहेरचा कारागीर कधी लागला नाही. जंगलातील कारवी, शेतातील माती आणि गोठ्यातील शेण एवढ्यावर वारली कुटुंब आपली भिंत दुरुस्त करी. या डागडुजीच्या मागे मात्र जंगल, जमीन आणि श्रम यांचा मोठा इतिहास आहे.

२/ कारवीच्या काठ्या उभ्या बांधून कूड तयार होतो आणि त्यावर शेणमातीचा गिलावा चढतो. माती सावकाश तापते, सावकाश निवते. छपरावरील गवताच्या थरांत अडकलेली हवा ऊन आत येऊ देत नाही. थंडीत हीच भिंत चुलीची ऊब धरून ठेवते.

३/ परंतु हे घर दरवर्षी हात मागते. पावसाने गिलावा धुपतो, वाळवी काठ्या पोखरते, गवत कुजते. म्हणून पावसापूर्वी छप्पर शाकारायचे आणि पावसानंतर भिंती लिंपायच्या. जिव्या सोमा मशे यांनी जगापुढे नेलेली वारली चित्रकला मूळची अशाच लिंपलेल्या भिंतीवरची. लग्नप्रसंगी स्त्रिया तांदळाच्या पिठाने तेथे चौक लिहीत.

४/ डागडुजीला दोन गोष्टी लागतात: साहित्य आणि वेळ. इंग्रजी राजवटीत दोन्हींवर घाला आला. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलातील काठी सरकारच्या मर्जीवर गेली. वेठबिगारीने वेळ जमीनदाराचा झाला. मालक बोलावील तेव्हा ज्याला राबावे लागे, त्याने स्वतःचे छप्पर शाकारायचे केव्हा?

५/ २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळील झरी गावी हजारो वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेच्या त्या परिषदेत वेठ नाकारण्याचा निर्धार झाला. मे महिन्याचा शेवट म्हणजे पावसाच्या तोंडावरचे, घर सावरण्याचे दिवस. वेठ नाकारणे म्हणजे हे दिवसही परत मिळवणे होते.

६/ आज अनेक घरांवर पत्रा आला आहे. त्याची कारणे खरी आहेत: गवताला आग लागते, छप्पर गळते आणि लिंपण्याचे कष्ट बहुधा स्त्रियांच्याच वाट्याला येतात. तरीही पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. पंखा बिघडला की रोख पैसे लागतात आणि ते पुष्कळदा मजुरीसाठी गाव सोडून मिळवावे लागतात.

७/ नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. घरांना तडे गेले आणि अनेक कुटुंबांनी थंडीच्या रात्री तंबूत काढल्या. कुडाचा गिलावा निखळला तर घरची माणसे तो पुन्हा लिंपू शकतात. विटांच्या भिंतीची तडा गेल्यावरची दुरुस्ती गवंडी आणि सिमेंट यांवाचून होत नाही.

८/ म्हणून कुडाच्या घराला मागासलेपणाची खूण मानणे चूक, आणि गरिबाने त्यातच राहावे असे म्हणणेही चूक. निवड त्या कुटुंबाची असावी. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज आणि सामूहिक वनसंपत्ती यांवरील हक्क मान्य केले आहेत. ग्रामसभांनी ते घराच्या डागडुजीसाठीही वापरावेत. घरकुलाच्या अनुदानात पत्र्याखालील उष्णता आणि पुढील दुरुस्ती यांचाही हिशेब व्हावा. जे घर राहणाऱ्याला स्वतः दुरुस्त करता येत नाही, ते पक्के असूनही त्याला परावलंबी करते.