त्या आईबापांचा गुन्हा कोणता?

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरन पठारावर अतिरेक्यांनी धर्म विचारून गोळ्या घातल्या. २६ माणसे मारली. त्यांत ६ जण आपल्या महाराष्ट्राचे. पर्यटकांना वाचवायला धावलेला एक मुसलमान घोडेवालाही त्यांतच गेला; वाहिन्यांवरच्या आरडाओरड्यात तो कितीसा दिसला?

मारेकऱ्यांना शिक्षा हवीच, त्यावर दुमत नाही. पण पुढच्या चार-पाच दिवसांत काश्मिरात संशयितांची घरे स्फोटकांनी उडवून दिली गेली. खटला नाही, निकाल नाही. आरोप मुलावर, छप्पर गेले आईबापांचे! संविधानाच्या कलम २१ चे काय झाले? (वस्तीवर बुलडोझर आल्यावर काय होते, ते आपल्या लोकांना कुणी शिकवायला नको.)

अवघ्या पाच महिन्यांपूर्वी, १३ नोव्हेंबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते, केवळ आरोपी आहे म्हणून कुणाचे घर पाडता येणार नाही. तो निकाल लिहिणारे न्या. भूषण गवई म्हणजे अमरावतीच्या दादासाहेब गवईंचे चिरंजीव.

पुढे २९ जुलैला गृहमंत्री अमित शहांनीच लोकसभेत सांगितले की, बैसरनचे तिन्ही हल्लेखोर आदल्या दिवशी मारले गेले आणि ते पाकिस्तानी होते. मग एप्रिलमध्ये उडवलेल्या घरांचा हिशेब कोण देणार?

आणि पोटाचा हिशेब? हल्ल्यानंतर आठवडाभरात खोऱ्यातील ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळे बंद झाली. घोडा उभा राहिला तरी त्याला चारा लागतोच.