बाजेवर बसून दिलेला सल्ला

‘कंपवाताला कसला आलाय व्यायाम? गोळ्या द्या, बाजेवर पडू द्या. जन्मभर रानात राबलेल्याला या शहरी कवायती कशाला?’ तिसगावात हा सल्ला चहाबरोबर फुकट मिळतो. देणारे गृहस्थ इतके ठाम, की जेम्स पार्किन्सनने 1817 साली या रोगावर निबंध लिहिला तो यांना विचारूनच लिहिला असावा.

म्हणे, म्हातारा पडेल. बसून राहिलेला जास्त पडतो. म्हणे, गोळी पुरे. लेव्होडोपाने हालचाल मोकळी होते. झिजलेली ताकद काही परत येत नाही.

राबण्याचा मुद्दा मात्र सोडवत नाही. ‘धुणीभांडी करते, तिला वेगळा व्यायाम कशाला?’ हेही आपण ऐकलंय. बायांचे गुडघे गेले, युक्तिवाद शाबूत राहिला! खुरपणं, धार काढणं ही सवयीची कामं; मन दुसरीकडे असलं तरी हात चालतात. कंपवात घाव घालतो तो नेमका या आपोआप चालण्यावर. मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. पाऊल आखूड होतं, हात झुलत नाहीत, आवाज बसतो, आणि माणसाला वाटतं, आपण नेहमीसारखेच चालतोय. त्याला नुसतं ‘रानात हिंड’ म्हटलं तर तो तेच आखूड पाऊल दिवसभर गिरवील. त्याला हवी मुद्दाम, लक्ष देऊन टाकलेली ढांग, मोठ्याने आकडे म्हणत. खुरपणीत हे कुठे बसतं? गृहस्थ स्वतः मात्र रोज पहाटे हात झुलवत हायवेने फिरतात. साखरेसाठी.

व्यायामाने रोग बरा होतो असं माझं म्हणणं नाही. पण 2012 साली अमेरिकेतल्या 195 रुग्णांच्या अभ्यासात ताई-ची हा संथ चिनी व्यायाम करणाऱ्यांचा तोल सुधारला, नुसतं अंग ताणणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. पुण्यात नर्तक हृषिकेश पवार कंपवाताच्या रुग्णांना नाच शिकवतात.

आपल्या तिसगावाला अहिल्यानगर लांब, हे खरं. तरी एकदा तिथल्या फिजिओथेरपिस्टला दाखवावं. उठताना चक्कर येत असेल तर आधी रक्तदाब तपासावा. मग गोळीचा असर असताना, जवळ कुणाला उभं करून, खुर्चीतून उठबस करावी. पाय जागीच चिकटत असतील तर कबड्डीच्या मैदानावर घालतात ती फक्की अंगणात पावलापावलावर आडवी ओढावी. ओलांडायला समोर रेघ दिसली की पुष्कळांचा अडलेला पाय उचलतो.