जुन्या कॉम्प्युटरला नवं कॅबिनेट

महागावात जुना कॉम्प्युटर दुरुस्तीला नेलेल्या माणसाला हल्ली एकच उत्तर मिळतं: ‘आता नवीनच घेऊन टाका, याच्यात काही राहिलं नाही.’ उमरखेडला जा, पुसदला जा, उत्तर बदलत नाही. चालती वस्तू भंगारात गेलेली या सदराला सोसत नाही, हे जुने वाचक जाणतात. आणि इथे प्रश्न एकदोन यंत्रांचा नाही. सेवा केंद्रं, झेरॉक्सची दुकानं, टायपिंगचे क्लास, सगळीकडे दहा-बारा वर्षांपूर्वीचे डेस्कटॉप अजून काम ओढत आहेत.

निमित्त थोडक्यात असं. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित अपडेट थांबवले. घरगुती वापरासाठी नावनोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या सुमाराचा किंवा त्यानंतरचा. तिसऱ्या-चौथ्या पिढीचा आय-थ्री त्या यादीत बसत नाही. पण सातबारा काढायला, अर्ज भरायला, मराठी टायपिंगला त्याची ताकद आजही पुरते. लिनक्सचाही रस्ता आहे. सी-डॅकने ‘बॉस’ नावाची भारतीय आवृत्ती केली आणि केरळच्या सरकारी शाळा तर कित्येक वर्षं लिनक्सवरच शिकवतात. फक्त अंगठ्याचं यंत्र आणि प्रिंटर त्यावर चालतात का, हे आधी पाहून घ्यावं.

मग हा आय-थ्री रडतखडत का चालतो? बहुतेक वेळा हार्डडिस्कमुळे. तबकडी फिरणार, तिच्यावरचा दांडा योग्य जागी सरकणार, मग माहिती हाती येणार. दर खेपेला काही मिलिसेकंद जातात आणि विंडोज सुरू होताना अशा असंख्य खेपा होतात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. साधी साटा एसएसडीसुद्धा सेकंदाला पाचशे एमबीच्या आसपास वाचते, जुनी हार्डडिस्क शंभर-दीडशे. हा एक भाग बदलून पाहायच्या आधी गिऱ्हाइकाला नवा कॉम्प्युटर गळ्यात मारणं हा सरळ अन्याय आहे.

रॅम चारची आठ जीबी करावी. डीडीआर३ च्या खाचेत डीडीआर४ ची पट्टी बसत नाही, म्हणून जुनी पट्टी सोबत घेऊनच दुकानात जावं. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि रॅमचे भाव भडकले. डिसेंबरात मायक्रॉनने ‘क्रुशल’ ही ग्राहकांसाठीची रॅम-एसएसडीची शाखा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत मदरबोर्डसकट सगळं बदलण्यापेक्षा सेकंडहँड डीडीआर३ शोधणं शहाणपणाचं.

कॅबिनेटचा मात्र जरा विस्ताराने विचार करायला हवा, कारण ते शोभेची वस्तू समजून विकलं जातं. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. हंगामात कापसाचे तंतू आणि नागपूर-तुळजापूर रस्त्याची धूळ एकत्र होऊन प्रोसेसरवरच्या पंख्याखाली नमद्यासारखा थर धरतात. वर मे महिन्याचं ऊन. जुन्या कॅबिनेटला मागे एखादा पंखा, पुढे बंद प्लास्टिक, जाळी नाहीच. आतली हवा बाहेर पडणार कुठून? नव्या कॅबिनेटात पुढे १२० मिलिमीटरचे पंखे बसतात, धुता येणारी गाळणी असते आणि वीज पुरवणारा एसएमपीएस खाली बसतो. पुढून काच आणि रंगीत दिवे असलेली कॅबिनेटं दुकानात उठून दिसतात, पण हवेची वाट अडवणारी काच विदर्भाच्या उन्हाळ्यात नको. पुढून जाळीचंच घ्यावं.

जुना बोर्ड नव्या कॅबिनेटात बसतो, यामागे एक फार मोलाची गोष्ट आहे. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्सची मापं ठरवली, दोनच वर्षांनी मायक्रो-एटीएक्स आलं, आणि स्क्रूची ती भोकं आजही त्याच जागी आहेत. तीस वर्षं टिकलेला हा मेळ नसता, तर असेंबल्ड कॉम्प्युटर तालुक्याच्या गावात दुरुस्तच झाला नसता. मोठ्या कंपन्यांचे, ऑफिसांतून निघालेले बरेचसे डेस्कटॉप याला अपवाद. त्यांचा एसएमपीएस वेगळा, बटणाच्या वायरी वेगळ्या. त्यांना कॅबिनेट बदलायच्या फंदात न पडता एसएसडी लावून तसंच ठेवावं.

बसवताना अडतं ते बारीक गोष्टींवर. एसएमपीएस खाली गेला की प्रोसेसरची वायर वरपर्यंत पुरत नाही. जोडवायर आणून ठेवावी. पुढच्या यूएसबी ३.० साठी एकोणीस पिनांची जागा जुन्या बोर्डावर बऱ्याचदा नसते, तिथे नऊ पिनांचं अडॅप्टर लागतं. बोर्डाखालचा पितळी खुंट चुकीच्या जागी राहिला तर शॉर्ट होतो. बोर्ड हाताशी आहे तोवर सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरीही बदलावी. ती संपली की घड्याळ मागे जातं आणि सरकारी संकेतस्थळं ‘सुरक्षित नाही’ म्हणत उघडत नाहीत. त्या किरकोळ बॅटरीपायी यंत्राला मोडीत काढू नये.

जुना एसएमपीएस मात्र पुन्हा बसवू नये. लेबलवर ४५० वॅट असतात, पण बारा व्होल्टच्या लाइनवर किती अँपिअर मिळतात ते वाचावं. प्रोसेसरला वीज तिथूनच जाते. आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येत असतील, तर बहुधा अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधून पत्र्यावर येणारी थोडी वीज जमिनीत जायला वाट मिळत नाही, म्हणून ती हाताला लागते. नवं कॅबिनेट आणून हे थांबणार नाही. वायरमनला बोलावून सॉकेटची तिसरी वायर खरोखर जमिनीपर्यंत गेली आहे का, ते आधी तपासून घ्यावं.