लिंक आहे का?

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ भारतभर प्रदर्शित झाला. पायल कपाडिया यांच्या या चित्रपटाला त्याच वर्षी कान महोत्सवात ग्रां प्री मिळाला होता. मुंबईतल्या दोन मल्याळी नर्स, त्यातल्या धाकटीचं शियाज नावाच्या मुसलमान मुलावर प्रेम, आणि इस्पितळात स्वयंपाक करणारी पार्वती, जिला बिल्डरमुळे मुंबईचं घर सोडून रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परतावं लागतं. चित्रपटाचा शेवटचा भाग कोकणच्या किनाऱ्यावर घडतो, म्हणजे आमच्या अंगणातच.

आमच्या तालुक्यात मात्र तो लागला नाही. मी आणि माझा एक मित्र एसटीने साडेतीन तास प्रवास करून शहरात गेलो. दिवसाला एकच शो, तोही सकाळी सव्वादहाचा. आत आम्ही धरून अकरा जण. रात्री घरी येऊन मोठ्या उत्साहाने सांगू लागलो, तर भाचा म्हणाला, “मामू, लिंक आहे का?”

मुलगा गुणी आहे. ‘द केरला स्टोरी’ आला तेव्हा याच मुलाने रात्र रात्र जागून पोस्टी लिहिल्या होत्या. मोहल्ल्यातून तहसीलदारांना निवेदन गेलं, त्यावर पहिल्या दहा सह्यांत त्याची सही होती. आपल्याविषयी खोटं दाखवलं की त्याचं रक्त उसळतं. पण आपल्याला माणूस म्हणून दाखवणारा चित्रपट आला की तो लिंक मागतो. आजचा लेख त्याच्यासाठी आहे, आणि त्याच्यात मला आपण सगळेच दिसतो म्हणून आपल्या सगळ्यांसाठी आहे.

आपली एक ठाम समजूत आहे: चित्रपट चांगला असेल तर चालतो, चालला नाही म्हणजे लोकांना आवडला नाही. ही समजूत थिएटरवाल्यांच्या फार सोयीची आहे. चित्रपट आवडायला आधी तो दिसावा लागतो, आणि तो कुठे, किती वाजता, किती दिवस दिसणार हे प्रेक्षक ठरवत नाही. ते वितरणात ठरतं.

छोट्या चित्रपटाचा वितरक काय करतो ते बघा. तो चित्रपट शोधतो महोत्सवांत, किंवा गोव्यात दर नोव्हेंबरला एनएफडीसी भरवत असलेल्या फिल्म बाजारात, जिथे अर्धवट झालेले चित्रपटही दाखवले जातात. मग सौदा होतो. सौद्याच्या मुख्य तऱ्हा तीन. पहिली, ठरावीक रक्कम देऊन हक्क कायमचे विकत घेणे. दुसरी, मिनिमम गॅरंटी, म्हणजे निर्मात्याला काही रक्कम आधी द्यायची आणि त्यापलीकडे कमाई झाली तर वाटून घ्यायची. तिसरी, कमिशन: वितरक चित्रपट लावून देतो, आपली टक्केवारी कापून घेतो आणि तोटा निर्मात्याच्या माथी राहतो. मोठा नट नसलेल्या चित्रपटाला पहिल्या दोन तऱ्हा क्वचित मिळतात. त्याच्या वाट्याला बहुधा तिसरी येते, आणि पोस्टर-जाहिरातीचा खर्चही निर्मात्यालाच करावा लागतो.

आता हिशेब मांडू. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, पण रीत खरी आहे. तिकीट २३६ रुपयांचं. त्यातले ३६ जीएसटीचे. उरलेल्या २०० पैकी पहिल्या आठवड्यात अर्धे थिएटरचे, अर्धे वितरकाकडे. वीस पडदे मिळाले, प्रत्येकी रोज एक शो, शोला तीस माणसं. आठवड्याला ४,२०० तिकिटं, म्हणजे वितरकाकडे आले ४ लाख २० हजार. त्यातून वीस टक्के कमिशनचे ८४ हजार गेले, उरले ३ लाख ३६ हजार. आता खर्च. डिजिटल प्रोजेक्टर आले तेव्हा त्या यंत्रांची किंमत भरून काढायची म्हणून ‘व्हर्च्युअल प्रिंट फी’ नावाची आकारणी सुरू झाली. रीळ इतिहासजमा झाली, ही फी मात्र अजून चालू आहे. ती पडद्यामागे दहा हजार धरली तरी दोन लाख. जाहिरात, पोस्टर, ट्रेलर मिळून पाच लाख धरा, आणि ही रक्कम काहीच नाही. एकूण खर्च सात लाख. शोला तीस माणसं येऊनही निर्माता ३ लाख ६४ हजारांनी खाली. चित्रपट बनवायला लागलेला पैसा यात धरलेलाच नाही.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या आठवड्यात भरून निघेल. इथे दुसरी मेख आहे. २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांचं दोन महिने भांडण चाललं, नवे चित्रपट अडले आणि शेवटी वाटणी ठरली: पहिल्या आठवड्यात निर्माता-वितरकाला ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढे तीस. पुढच्या वाटाघाटी याच उतरत्या चालीवर होत आल्या. ज्या चित्रपटाला पहिल्या तीन दिवसांत गर्दी खेचता येते त्याला ही वाटणी मानवते. जो चित्रपट एकाने दुसऱ्याला सांगितल्यावर हळूहळू चालू लागतो, त्याची बातमी पसरेपर्यंत त्याचा वाटा उतरलेला असतो. तोही चित्रपट तोवर टिकला तर. शुक्रवारी सकाळी सव्वादहाला नोकरदार माणूस येत नाही, येऊ शकत नाही. सोमवारी आकडे बघून सांगितलं जातं की प्रेक्षक नाही, आणि चित्रपट उतरतो. दार बंद ठेवायचं आणि पाहुणे आले नाहीत म्हणून हिणवायचं, असा हा प्रकार आहे.

मराठी चित्रपटवाल्यांना हे नवीन नाही. २०१५ साली राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइमला मराठी चित्रपट दाखवायला सांगितलं. ओरड झाली, आणि बघता बघता प्राइम टाइमची व्याख्याच दुपारी १२ ते रात्री ९ अशी ताणली गेली. कायद्याचं पोट भरलं, चित्रपट दुपारच्या उन्हातच राहिला.

विषय मुसलमानांचा असेल तर या सगळ्यावर भीतीचा एक थर चढतो. एम. एस. सथ्यू यांचा ‘गर्म हवा’ आठवा. फाळणीनंतर आग्र्यात राहून गेलेल्या सलीम मिर्झाची गोष्ट, बलराज साहनींचं शेवटचं मोठं काम. सेन्सॉरने तो कित्येक महिने रोखून धरला. सुटल्यावरही तो आधी लागला बंगळुरूच्या दोन थिएटरांत. तिथे लोकांनी उचलून धरला, तेव्हा १९७४ मध्ये देशभर गेला. आज ज्याला आपण अभिमानाने आपला म्हणतो, तो चित्रपट दोन थिएटरांच्या हिमतीवर जगला. २००७ मध्ये ‘परझानिया’ आला. गुजरातच्या दंगलीत हरवलेल्या पारशी मुलाची गोष्ट, आणि ती गुजरातच्याच मल्टिप्लेक्सनी लावली नाही. अलीकडचा ‘संतोष’ तर सेन्सॉर बोर्डाच्या दारातच अडकला.

मग मार्गच नाही का? आहे, आणि तो आपल्याच लोकांनी दाखवला आहे. मालेगावच्या नासीर शेख यांनी व्हिडिओ पार्लर चालवता चालवता यंत्रमाग कामगारांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला. वितरकाची वाट बघितली नाही, स्वतःच्या गावात लावला आणि गावाने तिकीट काढून पाहिला. पुढे फैजा अहमद खान यांनी या माणसांवर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, तो २०१२ मध्ये मल्टिप्लेक्सपर्यंत पोहोचला. २००४ मध्ये राकेश शर्मांच्या ‘फायनल सोल्यूशन’ या गुजरातवरच्या माहितीपटावर बंदी आली, तेव्हा त्यांनी अट घातली: सीडी फुकट घ्या, पण पाच प्रती काढून पुढे वाटा. काही महिन्यांतच बोर्डाला प्रमाणपत्र द्यावं लागलं. भाच्याला हे सांगितलं तर तो लगेच म्हणेल, बघा, लिंकच! नाही बेटा. ती प्रत दिग्दर्शकाने स्वतः दिली होती, आणि घेणाऱ्यावर पाच माणसांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी टाकली होती. तू मागतोस त्या लिंकमध्ये दिग्दर्शकाची परवानगी नाही आणि तुझी जबाबदारीही नाही.

आता कटू बोलतो. आपल्याविरुद्ध विष पसरवणाऱ्यांनी वितरण नीट शिकून घेतलं आहे. ‘द केरला स्टोरी’ उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशात करमुक्त झाला. नेत्यांनी, संघटनांनी अख्खे शो बुक केले, मुलींना नेऊन बसवलं. टीझरमधल्या ३२ हजार मुलींच्या पुढे तीन झाल्या, तरी गल्ला भरला. आपण काय केलं? निवेदन दिलं. निवेदनाने एकही पडदा मिळत नाही. उलट फुकटची प्रसिद्धी मिळते, तीही त्यांना.

यावर मला तीन उत्तरं मिळतात. पहिलं: सिनेमा बघणं आपल्याला शोभत नाही. ज्यांचं मत खरोखर असं आहे आणि जे घरी मोबाइलवरही बघत नाहीत, त्यांच्याशी माझा वाद नाही. पण घरात रोज तीन तास मालिका चालते त्यांनी हे कारण पुढे करू नये. दुसरं: थिएटर हा धंदा आहे, धर्मादाय नाही. अगदी बरोबर, म्हणून तर मी तिकिटाबद्दल बोलतोय. धंद्याला फक्त गल्ल्याची भाषा कळते, आणि त्या भाषेत आपण मुके आहोत. तिसरं: ओटीटीवर येईलच की. ओटीटीवालेही आता विकत घेण्याआधी विचारतात, थिएटरात किती चालला? तिथे शून्य असेल तर इथेही भाव शून्य.

काम अवघड नाही. मोहल्ल्यात साठ माणसं गोळा करा आणि प्रदर्शनाच्या आधी थिएटरच्या मॅनेजरला सांगा की एवढी तिकिटं नक्की, संध्याकाळचा शो द्या. मल्टिप्लेक्स अशी एकगठ्ठा बुकिंग घेतात, तुमचं आडनाव त्याच्या आड येत नाही. जवळ थिएटर नसेल तर निर्मात्याला किंवा वितरकाला पत्र लिहा, रीतसर परवानगी घ्या, शुल्क भरा आणि शादीखान्यात पडदा लावा. ‘प्रभात चित्र मंडळ’ १९६८ पासून मुंबईत वर्गणीच्या जोरावर उत्तम चित्रपट दाखवत आलं आहे. आपल्या किती तालुक्यांत अशी एक तरी मंडळी आहे? जलशांना, सत्कारांना, फ्लेक्सना आपल्याकडे पैसा निघतो. साठ तिकिटांना निघणार नाही असं कोणी सांगू नये.

आणि फक्त मुसलमानांचाच चित्रपट हवा असा हट्टही नको. ‘साबर बोंडं’ हा रोहन कानवडेंचा मराठी चित्रपट २०२५ मध्ये सनडान्सला मोठं पारितोषिक घेऊन आला. त्यालाही पडदा मागावा लागतो, तोही आपल्याच भाषेतला. दुसऱ्याच्या गोष्टीला आपण गेलो, तर आपल्या गोष्टीला तो येईल अशी आशा धरता येते.

भाच्याला त्या रात्री मी लिंक दिली नाही. तो रुसला. गेल्या महिन्यात त्याने स्वतःहून विचारलं, “मामू, पुढचा कधी आहे? बारा जण तयार आहेत.”

बारा झाले. अठ्ठेचाळीस हवेत.