जुन्या फियाटच्या टाकीत उसाचे इंधन

वालचंद हिराचंद यांनी 1933 मध्ये मालेगाव तालुक्यातल्या रावळगावात साखर कारखाना काढला आणि 1944 मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. एक उद्योग उसाचा, दुसरा मोटारींचा. या दोन धंद्यांची गाठ पुढे पेट्रोलच्या टाकीत पडेल, असे तेव्हा कुणाला वाटले नसेल. आज नाशिकच्या कुठल्याही पंपावर प्रीमियरच्या कुर्ल्यातल्या कारखान्यातून निघालेली जुनी फियाट उभी राहिली, की तिच्या टाकीत जाणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. म्हणजे उसापासून, मक्यापासून किंवा तांदळाच्या कणीपासून केलेले अल्कोहोल. नाशिक जिल्ह्यात ऊसही आहे आणि मकाही. शेतकऱ्याला त्यातून भाव मिळतो, देशाची कच्च्या तेलाची आयात थोडी घटते. तक्रार आहे ती जुन्या गाड्यांच्या मालकांची.

ही तक्रार चार हौशी श्रीमंतांची म्हणून सोडून देता येत नाही. केंद्राने 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून व्हिंटेज वाहनाची व्याख्या केली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते, नव्या नोंदणीचे शुल्क 20 हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. काळ पुढे सरकतो तशी ही व्याख्या राजेरजवाड्यांच्या रोल्स रॉइसवरून मध्यमवर्गाच्या दारापर्यंत आली आहे. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातली फियाट, अॅम्बेसेडर, जीप, जावा आणि येझदी आता या वयात बसतात. रॅलीचे वेड नाशिकला जुने आहे. राष्ट्रीय रॅली स्पर्धेची फेरी इथल्या ‘विसा’ संस्थेने वर्षानुवर्षे भरवली. अशा शहरात आजोबांची गाडी झाकून ठेवणारी घरे सापडली तर नवल नाही.

जुन्या इंजिनाचे इंधन बदलण्याची ही पहिली वेळ नाही. त्याआधीचा बदल शिशाचा होता, आणि ती गोष्ट या वादात कुणी फारशी काढत नाही. इंजिनात पेट्रोल वेळेआधी पेटले तर ठोके पडतात, ताकद कमी होते. हे ठोके थांबवण्यासाठी जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांनी 1921 मध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग शोधले. त्याआधी त्यांनी अल्कोहोलचेही प्रयोग केले होते आणि ते चालत होते. पण अल्कोहोल कुणीही गाळू शकतो, त्याचे पेटंट घेता येत नाही. शिशाचे घेता येत होते. अर्थात बाजारात शिसे आले. 1924 मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात हे संयुग हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. काही दिवसांतच मिजली यांनी पत्रकारांसमोर त्याच द्रवाने हात धुऊन ते सुरक्षित असल्याचे दाखवले. त्याआधी शिशाच्या विषबाधेवर उपचारासाठी ते स्वतः रजेवर जाऊन आले होते, हे मात्र त्यांनी तेव्हा सांगितले नाही.

पुढची पन्नास-साठ वर्षे जगभरच्या रस्त्यांवर धुरातून शिसे पडत राहिले. ते मुलांच्या रक्तात उतरते, मेंदूच्या वाढीत अडथळा आणते, बुद्ध्यंक आणि एकाग्रता कमी करते. त्याची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात 2000 मध्ये शिसेयुक्त पेट्रोलची विक्री देशभर बंद झाली. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथे ती 2021 मध्ये थांबली. तेव्हाही जुन्या इंजिनांचे काय, हा प्रश्न निघाला होता. शिशाचा थर व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसून तिचे रक्षण करी, तो गेल्यावर मऊ बिडाच्या बैठका झिजतील अशी भीती होती. ती पूर्ण खोटी नव्हती. पण सावकाश चालणाऱ्या गाडीत झीज फार हळू होते, आणि हेड उतरवून कडक धातूच्या सीट बसवल्या की प्रश्न संपतो. एका बाजूला लेथवरचे दोन दिवसांचे काम, दुसऱ्या बाजूला शहरातल्या सगळ्या मुलांचे रक्त. त्या वादात गाडीवाल्यांनी हरायलाच हवे होते.

या वेळचा हिशेब तितका सरळ नाही.

इथेनॉलमध्ये प्राणवायू आधीच असतो, त्यामुळे ते जळायला हवा कमी लागते. एक किलो पेट्रोलला साधारण 14.7 किलो हवा, तर एक किलो इथेनॉलला नऊ किलो. आजच्या गाडीतला संगणक धुराचा अंदाज घेऊन इंधन वाढवतो. फियाटच्या कार्बोरेटरला ते जमत नाही. त्याच्या जेटचे भोक कारखान्यात ठरले तेवढेच. मग मिश्रण पातळ होते, इंजिन अडखळते, तापते, आणि डिसेंबरात निफाडकडचा गारठा शहरात उतरला की चोक ओढूनही लवकर सुरू होत नाही. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये ऊर्जाही पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच साध्या पेट्रोलसाठी घडवलेल्या चारचाकींचे मायलेज सहा ते सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज आहे. वर्षाला पाचशे किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला त्याचे दुःख नाही. जेट थोडे मोठे करून मिश्रणही जुळवता येते.

खरे दुखणे रबराचे आणि पाण्याचे आहे. जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा, कॉर्कची पॅकिंग ही पेट्रोलसाठी केलेली. अल्कोहोलमध्ये ती फुगतात, मऊ पडतात, मग चिरतात. गरम इंजिनावर थेंबथेंब पेट्रोल गळणे म्हणजे आगीला निमंत्रण. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. पाण्याचे प्रमाण हद्दीबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात, आणि इंजिनाला पहिल्यांदा तोच थर मिळतो. रोज चालणाऱ्या गाडीत ही वेळ येत नाही, कारण पेट्रोल साठून राहत नाही. व्हिंटेज गाडी मात्र जून ते सप्टेंबर ताडपत्रीखाली उभी असते, अर्धी टाकी भरलेली, झाकणाला हवेचे भोक. कसारा घाटात पंपावर ओला फडका टाकून गाडी वर नेणाऱ्या पिढीला इंधनाची वाफ अडण्याचा त्रास माहीत होता. पत्रा आतून गंजण्याचा हा त्रास नवा आहे.

आरोग्याच्या बाजूने पाहिले तर इथेनॉलला दोष देणे अवघड जाते. कार्बोरेटरच्या गाड्या कार्बन मोनॉक्साइड भरपूर सोडतात. त्याच आराखड्यानुसार 20 टक्के मिश्रणाने चारचाकीतला हा वायू सुमारे 30 टक्क्यांनी कमी होतो. अॅसिटाल्डिहाइड वाढते आणि जुन्या गाडीत ते जाळून टाकायला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो, हेही खरे. पण मैदानात रविवारी दोन तास उभ्या राहिलेल्या तीस-चाळीस गाड्यांनी शहराची हवा बिघडत नाही. बिघडते ती बंद गॅरेजची. शटर खाली ओढून इंजिन चालू ठेवले तर कार्बन मोनॉक्साइड काही मिनिटांत माणूस पाडू शकतो, आणि त्याला वास नसतो.

धोका सर्वांत जास्त आहे तो मिस्त्रीला. नळी तोंडाला लावून पेट्रोल ओढणे, पेट्रोलनेच हात आणि सुटे भाग धुणे ही सवय अनेक गॅरेजांत अजून आहे. शिसे गेले तरी पेट्रोलमध्ये एक टक्क्यापर्यंत बेन्झिन असते, आणि ते रक्ताच्या कर्करोगाला कारणीभूत ठरते. जुन्या इंजिनाच्या हेडवर बसलेल्या काजळीत पूर्वीचे शिसे आजही असू शकते; ती खरवडताना उडणारी भुकटी श्वासात जाते. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये अॅस्बेस्टॉस असे. ड्रम उघडून त्यावर कॉम्प्रेसरची हवा मारली की त्याचे तंतू हवेत तरंगतात, आणि त्यांनी जडणारा आजार वीस-तीस वर्षांनी दिसतो. ओल्या फडक्याने पुसणे, हातमोजे आणि चांगला मास्क एवढ्याने यातले बरेच टळते. गाडीच्या क्रोमवर हजारो रुपये घालणाऱ्या मालकाने हा खर्च मिस्त्रीवर ढकलू नये.

राहिला पर्यायाचा मुद्दा. इथेनॉलविरहित पेट्रोल उपलब्ध ठेवावे आणि पंपांवर मिश्रणाचे प्रमाण लिहावे, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली. त्यामुळे काही मालक 100 ऑक्टेनच्या महाग पेट्रोलकडे वळले आहेत. ऑक्टेनचा त्यांना काही उपयोग नाही. आठपेक्षा कमी कॉम्प्रेशनच्या फियाटला साधे पेट्रोलही ठोक्यांविना चालते. ते पैसे मोजतात इथेनॉल टाळायला. वास्तविक नीती आयोगाच्या आराखड्यात जुन्या वाहनांसाठी दहा टक्के मिश्रणाचे संरक्षक इंधन मिळत राहावे अशी शिफारस होतीच. ती सर्व जुन्या दुचाकींसाठी पाळणे तेल कंपन्यांना जड जाईल, हे मान्य. पण व्हिंटेज गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांची नोंद ‘व्हीए’ मालिकेत होते, त्यामुळे कोणत्या जिल्ह्यात किती गाड्या आहेत हे परिवहन खात्याला मोजता येते. नियमाने त्यांना रोज फिरवण्यास मनाई आहे. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरणे एवढ्याच कारणांसाठी त्या रस्त्यावर येऊ शकतात. एवढ्या गाड्यांना जिल्ह्यात एक पंप पुरेल.