जनावर बदलून भागत नाही

सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर हा आपला भाग दुधावर तगलेला आहे. डाळिंबाने दगा दिला, ज्वारी पावसाअभावी करपली, तरी हातात पडणारे दुधाचे बिल घर चालवते. अशा मुलखात एखाद्या तान्ह्या बाळाला दूध सोसत नाही असे कोणी म्हटले तर लोक हसतात. 'दूध कुणाला बाधतं का हो?' असा उलट सवाल येतो. बाधते, वाचकहो. सगळ्यांना नाही, थोड्यांना. युरोपातल्या पाहण्यांत वर्षाच्या आतल्या शंभर बाळांमागे अर्धा ते तीन असे प्रमाण सांगितले जाते. आकडा लहान आहे, पण ज्या घरात असे बाळ असते त्या घराचे हाल लहान नसतात. मी डॉक्टर नाही. शेतकीची पदविका घेऊन गावोगाव फिरणारा विस्तार अधिकारी आहे. परंतु दुधाचा प्रश्न निघाला की माणसे आधी आमच्याकडे येतात, म्हणून हा विषय या पानावर मांडत आहे.

मागे एक बाप उस्मानाबादी शेळी कुठे मिळेल, असे विचारत आला होता. धंद्यासाठी नव्हे. पाच महिन्यांच्या लेकीला वरचे दूध सुरू केल्यापासून उलट्या होत होत्या, अंगावर लाल चट्टे उठत होते, शीमध्ये रक्ताचे तार दिसत होते. आधी घरच्या जर्सीचे दूध दिले. मग म्हशीचे. मग कोणी सांगितले म्हणून खिलार गाईचे. आता शेळी. जनावरे बदलत होती आणि पोरीचे वजन जागच्या जागी होते. शेळी घेऊ नका, आधी बालरोगतज्ज्ञ गाठा, एवढेच मी त्याला सांगितले. ते का सांगितले, हे सर्वांनी समजून घेण्यासारखे आहे.

गाईच्या दुधात सव्वातीन टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. त्यातला पाचांतला चार भाग केसिन आणि उरलेला भाग निवळीतल्या प्रथिनांचा. काही बाळांचे शरीर या प्रथिनांना शत्रू समजते आणि त्यांच्यावर तुटून पडते. यालाच दुधाची ॲलर्जी म्हणतात. आता गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या दुधातली ही प्रथिने एकमेकांची सख्खी भावंडे आहेत. गाईचे दूध न सोसणाऱ्या दहांतल्या नऊ बाळांना शेळीचेही सोसत नाही. देशी गाईच्या 'ए-टू' दुधाचेही तेच. ए-वन आणि ए-टू यांत फरक आहे तो २०९ कड्यांच्या एका साखळीतल्या एका कडीचा. बाकीचे केसिन आणि निवळी तशीच राहते. देशी गाय जरूर पाळा, पण ॲलर्जीवरचा उतारा म्हणून तिचे दूध पाजू नका. उकळून, पाणी घालूनही भागत नाही, कारण केसिन आचेला दाद देत नाही.

दुसरा घोटाळा लॅक्टोजचा. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती न पचणे वेगळे आणि प्रथिनांची ॲलर्जी वेगळी. लॅक्टोज काढलेल्या पावडरीत प्रथिने जशीच्या तशी असतात. दुकानदाराने 'जुलाबाची पावडर' म्हणून तो डबा हातात दिला तर ॲलर्जीच्या बाळाला त्याचा उपयोग नाही.

मग उपाय काय? पहिला उपाय आईचे दूध. ॲलर्जी आहे म्हणून ते तोडू नये. फार तर डॉक्टर आईलाच काही दिवस दूध, दही, ताक, पनीर, खवा बंद करायला सांगतात आणि तिला कॅल्शियमच्या गोळ्या देतात. दूधवाल्या घरात सुनेने दूध सोडायचे म्हटल्यावर सासूबाईंचा जीव वरखाली होतो, बाळंतिणीला दूध नाही तर काय द्यायचे म्हणून. त्यांना समजावून सांगावे लागते. डाळी, शेंगदाणे, तीळ, नाचणी, पालेभाज्या आणि चालत असेल तर अंडी यांवर बाळंतीण उभी राहते.

काही कारणाने आईचे दूध नसेल किंवा पुरत नसेल, तर मात्र खास पावडरीचे दूध लागते. ते समजायला कडबाकुट्टी आठवा. ज्वारीचे अख्खे ताट दुरूनही ओळखू येते. कुट्टी केली की जवळ जावे लागते. पार पीठ केले तर ज्वारी की मका, हे जाणत्यालाही सांगता येत नाही. प्रथिनांचेही तसेच. त्यांची बारीक कुट्टी केली की बाळाचे शरीर शत्रूला ओळखत नाही. अशा पावडरीला 'एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड' म्हणतात आणि बहुतेक बाळांना ती चालते. थोड्यांना तीही चालत नाही किंवा त्यांचा त्रास फार जोराचा असतो. त्यांच्यासाठी पार पीठ केलेली, म्हणजे नुसत्या अमिनो आम्लांची पावडर असते. 'पार्शली' म्हणजे अर्धवट तोडलेली पावडरही बाजारात दिसते, ती या कामाची नाही. सोयाची पावडर स्वस्त पडते, पण सहा महिन्यांच्या आत तिच्याकडे वळू नये आणि काही बाळांना सोयाही बाधतो. कोणत्याही कंपनीचे नाव मी इथे घेत नाही. १९९२ च्या कायद्याने बाळांच्या पावडरीच्या जाहिरातीला बंदी आहे, २००३ साली ती आणखी कडक झाली आणि ते योग्यच आहे.

निदान मात्र गल्लीत करू नका. डॉक्टर साधारण दोन ते चार आठवडे दूध पूर्ण बंद ठेवतात. त्रास थांबला तर पुन्हा थोडे देऊन पाहतात. पुन्हा त्रास झाला तरच ॲलर्जी ठरते. ही दुसरी पायरी घरी करायची नाही. दूध पाजल्यावर मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत तोंड सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास घरघरला तर पुन्हा देऊन पाहण्याचा प्रश्नच नाही. १०८ ला फोन करून तडक दवाखाना गाठायचा.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक रडणारे बाळ ॲलर्जीचे नसते. ब्रिटनमध्ये अशी पावडर सरकारी आरोग्यसेवेतून मिळते. तिथे २००६ ते २०१६ या दहा वर्षांत या पावडरीच्या चिठ्ठ्या वर्षाला एक लाख पाच हजारांवरून सहा लाखांच्या वर गेल्या. एवढी बाळे एकाएकी आजारी पडली नव्हती. कंपन्यांचा जोर आणि घाईचे निदान यांवर तिकडच्याच डॉक्टरांनी बोट ठेवले. तेव्हा तपासणी हवीच, नाहीतर डबा विकणाऱ्याचे फावते आणि आईचे दूध मागे पडते.

डबा आणला तरी काम संपत नाही. पाणी खळखळ उकळलेले हवे. टँकरचे असो की बोअरचे, तसेच घालायचे नाही. डब्यावर लिहिलेल्या मापानेच पावडर घालायची. महाग आहे म्हणून पातळ करून पुरवली तर बाळ उपाशी राहते. बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले बरे, स्वच्छ करायला सोपे. सहा महिन्यांनंतर उष्टावण झाले की नाचणी, भात, वरण, भाज्या सुरू कराव्यात, पण वरणावर तुपाची धार नको. चहात बुडवलेले बिस्किट, पाहुण्यांनी भरवलेला पेढा, देवळातले पंचामृत यांतही दूध असते. पुड्यावर काय काय आहे ते वाचा. दुधाचा अंश असेल तर तसे छापणे नियमाने बंधनकारक आहे. आणि धीर ठेवा. बहुतेक मुले तीन ते पाच वर्षांची होईतो दूध पचवू लागतात. दर सहा महिने ते वर्षाने डॉक्टरांकडून पाहून घ्यायचे.

आता मूळ दुखणे. सहा किलोच्या बाळाला दिवसाला नऊशे मिली दूध लागते, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पावडर. चारशे ग्रॅमचा डबा तीन-सव्वातीन दिवसांत संपतो. महिन्याला नऊ डबे. साध्या पावडरीपेक्षा हा डबा कितीतरी महाग, त्यातून तालुक्याच्या मेडिकलमध्ये तो सहसा मिळत नाही. दोन गाईंच्या बिलावर जगणाऱ्याने ते कुठून आणायचे? मग तो शेळी शोधतो. त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. डबा त्याच्या आवाक्यात आणणे अवघड, आणि ते आपण केलेले नाही.

असे बाळ वाळत गेले की कुपोषित म्हणून नोंदले जाण्याची भीती असते. कुपोषणावरचे एफ-७५ आणि एफ-१०० हे उपचाराचे आहारही दुधावरच आधारलेले! म्हणून अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना माझी विनंती आहे: वरचे दूध सुरू केल्यावर ज्या बाळाचे वजन थांबले, शीत रक्त आले, त्याची वेगळी नोंद करा आणि त्याला तज्ज्ञांकडे पाठवा.

२०२४ साली राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे आधी पाच आणि मग सात रुपये अनुदान दिले. उत्पादकाला त्याची गरज होती. दूध विकणाऱ्यासाठी सरकारी तिजोरी उघडते, तर दूध न सोसणाऱ्या त्याच घरच्या लेकरासाठी तज्ज्ञांच्या चिठ्ठीवर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात हा डबा का मिळू नये? बाळे मोजकीच आहेत आणि प्रत्येकाची गरज काही महिन्यांची किंवा फार तर दोनेक वर्षांची आहे.

सरकारची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. रोज एक लाख लिटर दूध गोळा करणाऱ्या संघाने लिटरमागे एक पैसा बाजूला काढला तर दिवसाचे हजार रुपये होतात, महिन्याचे तीस हजार. मात्र संघाने परस्पर डबे वाटायचे नाहीत, कायद्याला ते मंजूर नाही. आईला अंगावर पाजता येत नसेल आणि डबा परवडत नसेल तर आरोग्य संस्थेने तो देण्याची मुभा कायद्यात आहे. म्हणजे पैसा संघाचा, तपासणी डॉक्टरांची आणि डबा रुग्णालयातून, असा मार्ग निघू शकतो. वार्षिक सभेत आपण दराची, फॅटची, पेंडेची भांडणे करतो. यंदा एका सभासदाने उठून एवढा एक ठराव मांडून बघावा. सभागृहात विरोधाला हात वर करणारा कोण निघतो, ते तरी कळेल.